संस्थेतली नोकरी आणि घरातला हिशेब

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे स्वयंसेवी संस्थांमध्ये गावपातळीवर राबणाऱ्या कार्यकर्त्यांची होती, आणि त्या प्रत्येकात कमी-अधिक फरकाने एकच गाऱ्हाणे होते: दुसऱ्यांचे संसार सावरण्याचे काम करताना स्वतःचा संसार उधारीवर चालतो. म्हणून या वेळी अशी तीन पत्रे, आणि त्यांच्या जोडीला एका न्यासाच्या खजिनदाराचे व एका देणगीदार बाईंचे पत्र, अशी पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि संस्थांची नावे वगळली आहेत. मी स्वतः सहा वर्षे अशा कामात होते आणि पुढे वीस वर्षे धर्मादाय न्यासांचे हिशेब लिहिले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत.

प्रश्न: नंदुरबार जिल्ह्यातल्या एका संस्थेत मी नऊ वर्षांपासून पोषण कार्यकर्ती आहे. माझ्याकडे बारा पाडे आहेत. घरोघरी जाऊन बाळांची वजने घेणे, दंडघेर मोजणे, अतितीव्र कुपोषित मूल आढळले की त्याच्या आईला समजावून दोघांना पोषण पुनर्वसन केंद्रात पोचवणे, हे माझे काम. महिना ११,५०० रुपये मानधन मिळते. दुचाकी माझी स्वतःची आहे. पेट्रोलसाठी सरसकट १,००० रुपये देतात. करार अकरा महिन्यांचा असतो, मध्ये काही दिवसांचा खंड दाखवला जातो, आणि एप्रिल-मेचे पैसे नवा निधी आल्यावर कधी कधी जुलैमध्ये हाती पडतात. तोवर किराणा उधार आणि बचत गटाचे कर्ज. संस्थेत आम्ही ३४ जण आहोत. भविष्य निर्वाह निधीचे विचारले तेव्हा सर म्हणाले, "हे मानधन आहे, पगार नाही, आपण सेवा करतो." मी चुकीचे मागते आहे का?

उत्तर: नाही, तुम्ही चुकीचे काही मागत नाही. उलट तुम्ही जे मागितले आहे ते तुमच्या हक्कापेक्षा कमीच आहे.

आधी पेट्रोलचा हिशेब करू, कारण तो कागदावर मांडला की पुष्कळशा गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. बारा पाडे सांभाळायचे तर डोंगरातल्या रस्त्याने रोजचे ४० किलोमीटर धरायला हरकत नाही. महिन्याचे २४ दिवस धरले तर ९६० किलोमीटर झाले. गाडीने लिटरमागे ४५ किलोमीटर दिले तर एकवीस लिटरांहून थोडे जास्त पेट्रोल लागते, आणि १०५ रुपये दराने त्याचे सुमारे २,२४० रुपये होतात. संस्था १,००० देते. उरलेले १,२४० रुपये, शिवाय ऑइल, टायर आणि पावसाळ्यात दर वर्षी बदलावी लागणारी चेन, हे सर्व तुमच्या ११,५०० मधून जाते. म्हणजे वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास रक्कम तुम्ही त्या प्रकल्पाला घालता, आणि ती देणगीदारांच्या यादीत कुठेही दिसत नाही. उद्यापासून एक वही करा. गाडीचे निघतानाचे आणि परततानाचे आकडे, तारीख आणि पाड्याचे नाव रोज लिहा, आणि पंपावरची पावती त्याच दिवशी मोबाइलमध्ये टिपून ठेवा, कारण त्या कागदावरची शाई महिनाभरात उडून जाते. तीन महिन्यांची अशी वही समोर ठेवल्यावर दर किलोमीटरप्रमाणे भत्ता मागणे सोपे जाते.

आता 'मानधन' या शब्दाकडे वळते. या शब्दाने आपल्याकडे फार माणसांचे नुकसान केले आहे. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला पाकिटात घालून देतात ते मानधन. ठरलेल्या वेळी, ठरलेले काम, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, महिन्याच्या महिन्याला करून घेतले की त्याचा मोबदला वेतन होतो. व्हाउचरवर त्याला कोणतेही नाव दिले तरी त्यात फरक पडत नाही. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी नेमके हेच सांगितले: त्यांना मिळणारे मानधन हे वेतनच असून त्या उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. अंगणवाडी सेविका सरकारी योजनेत काम करतात आणि तुम्ही संस्थेत, हा फरक आहेच. पण शब्दामागे लपण्याची जी वाट त्या निकालाने बंद केली, ती तुमच्या बाबतीतही तितकीच अरुंद झाली आहे.

"आम्हाला कामगार कायदे लागू नाहीत," असेही तुम्हाला ऐकवले जाईल. त्यात थोडेसे तथ्य आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ फार विस्तारला होता आणि त्यात अनेक धर्मादाय संस्थाही येऊ शकत होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, आणि त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्णतः वा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांना 'उद्योग' या व्याख्येतून वगळले आहे. कामावरून कमी केल्यावर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे कठीण झाला, हे खरे आहे आणि दुर्दैवी आहे. परंतु भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि वेळेवर वेतन या गोष्टी त्या व्याख्येवर अवलंबून नाहीत. निधीसाठी २० आणि उपदानासाठी १० माणसांची अट आहे. तुम्ही ३४ आहात.

आकडे पाहा. मासिक १५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला निधीचे सभासदत्व सक्तीचे आहे. तुमच्या ११,५०० वर १२ टक्क्यांनी १,३८० रुपये तुमचे आणि तितकेच संस्थेचे जमा व्हायला हवेत. संस्थेच्या हिश्शातला मोठा भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो, आणि तिथे पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, म्हणून आणखी एक वर्षही वाया जाऊ देऊ नका. हा हिस्सा संस्थेनेच भरायचा असतो. दोन्ही वाटे कार्यकर्त्याच्याच रकमेतून कापण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती बेकायदेशीर आहे. उपदानाचे गणित असे: शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. नऊ वर्षांचे तुमचे सुमारे ५९,७०० रुपये होतात. काम सोडल्यावर ही रक्कम ३० दिवसांत मिळाली पाहिजे. उशीर झाला तर व्याजासह. करारातल्या त्या कागदी खंडाने घाबरून जाऊ नका. वर्षात २४० दिवस काम भरले की ते वर्ष सलग सेवेचे धरले जाते. मात्र ते सिद्ध करायला कागद लागतात, तेव्हा हजेरीपटाच्या पानांचे आणि प्रत्येक कराराचे फोटो आजच काढून ठेवा.

वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. "निधी आला नाही" हे देणगीदार आणि संस्था यांच्यातले कारण आहे; ते तुमच्या किराणा दुकानदाराने का सोसावे?

राहिली गोष्ट सेवेची. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदांनी घ्यायच्या सात प्रतिज्ञांपैकी एक अशी होती की समाज माझ्यासाठी आणि माझ्या कुटुंबासाठी जी तरतूद करू शकेल तिच्यात मी समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. महाराष्ट्रात त्यागाचा यापेक्षा कडक दाखला क्वचितच सापडेल. तरीसुद्धा त्या प्रतिज्ञेत 'कुटुंब' हा शब्द आहे, तरतुदीची जबाबदारी संस्थेने उचललेली आहे, आणि प्रतिज्ञा सभासदाने स्वतःहून घेतलेली आहे. नोकरी देणाऱ्याने दुसऱ्याच्या वतीने त्यागाचा संकल्प सोडणे, ही त्या परंपरेतली रीत नव्हे.

तुम्ही पत्रात एक ओळ सहज लिहिली आहे, ती मी वर घेतली नाही, पण ती माझ्या मनातून जात नाही. पुनर्वसन केंद्रात मुलाजवळ राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते, तो अर्ज तुम्ही भरून देता, आणि त्या रांगेत उभ्या असताना तुमचा स्वतःचा दोन महिन्यांचा पगार थकलेला असतो. हे विश्वस्तांच्या बैठकीत सांगा. एकटीने जाऊ नका. निदान आठ-दहा जणींच्या सह्यांचे पत्र द्या, त्यात भविष्य निर्वाह निधी, वाहनभत्ता आणि वेतनाची तारीख हे तीनच मुद्दे ठेवा, आणि पोच घ्या. बहुतेक विश्वस्तांना मैदानातली ही स्थिती खरोखर माहीत नसते, असा माझा अनुभव आहे. पत्राने काम भागले नाही तर निधीसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालय आणि थकलेल्या वेतनासाठी सहायक कामगार आयुक्त, या दोन ठिकाणी तक्रार करता येते.

प्रश्न: माझ्या खात्यात १५,००० रुपये जमा होतात. त्यातले ३,००० मी दर महिन्याला रोख संस्थेत परत देतो, त्याला 'ऐच्छिक देणगी' म्हणतात. पावती मिळत नाही. नकार दिला तर करार वाढत नाही. (लातूर जिल्हा)

उत्तर: नकार दिल्यावर नोकरी जात असेल तर ती देणगी ऐच्छिक नाही, ती पगारातली बेकायदा कपात आहे. शिवाय यात तुम्हीही अडचणीत येऊ शकता, कारण निधी देणाऱ्याला १५,००० चा हिशेब जातो आणि त्यावर तुमची सही असते. मुद्रांक तिकिटावर सही करण्यापूर्वी आकडा वाचा. रोख देणे बंद करा आणि "देणगी माझ्या खात्यातून धनादेशाने देतो, पावती द्यावी," असे लेखी कळवा. माझ्या पाहण्यातल्या दोन संस्थांमध्ये एवढ्या एका वाक्यानेच हा प्रकार थांबला, कारण पावती दिली की ती रक्कम वहीत घ्यावी लागते. तसे झाले नाही तर कामगार कार्यालयात तक्रार द्या. वेतनातल्या कपातीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. संस्थेचा हेतू चांगला असेल, त्या पैशातून कदाचित मुलांच्या वह्या येत असतील, हे मला मान्य आहे. तरीही तो पैसा तुमचा आहे, आणि तो देण्या-न देण्याचा निर्णयही तुमचाच.

प्रश्न: मी सोलापूर भागातल्या सहा वस्त्यांत मुलांचे वर्ग चालवणाऱ्या एका लहान न्यासाचा खजिनदार आहे. आमच्या सहा कार्यकर्त्यांना आम्ही १०,००० रुपयांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, याची आम्हालाही लाज वाटते. कंपन्या म्हणतात, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत बसवा. परदेशी देणगीला वीस टक्क्यांची मर्यादा आहे. पगार वाढवायचा तरी कोठून?

उत्तर: तुमचे पत्र मी दोनदा वाचले. लाज वाटते असे लिहिणारा खजिनदार ज्या न्यासाला लाभला आहे, तिथे हा प्रश्न सुटू शकतो.

पाच टक्क्यांची गोष्ट आधी स्वच्छ करू, कारण या एका गैरसमजाने असंख्य कार्यकर्त्यांचा पगार अडवून ठेवला आहे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये जी सुधारणा झाली, तिच्यातली पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करायच्या खर्चाची आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. तुमचा कार्यकर्ता वस्तीत जाऊन वर्ग घेतो, ती अंमलबजावणी आहे. कंपनीचा अधिकारी हा नियम दाखवील तेव्हा तोच नियम उघडून त्याच्यासमोर ठेवा, आणि प्रस्तावासोबत त्याची प्रत जोडा.

विदेशी देणगीच्या कायद्यात सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, आणि ती जाचक आहे यात शंका नाही. परंतु त्या कायद्याखालच्या नियमांतही रुग्णालयातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे वेतन यांसारखा, संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट होणारा खर्च प्रशासकीय धरलेला नाही. तोच तर्क क्षेत्र कार्यकर्त्याला लागू करता येतो. तुमच्या लेखापरीक्षकांचे त्याबद्दलचे मत लेखी घेऊन फाइलला लावा.

मूळ दोष बहुधा आपल्याच वहीत असतो. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या जमाखर्चाच्या नमुन्यात 'आस्थापना खर्च' वेगळा असतो आणि 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' वेगळा. जुन्या सवयीने सगळे पगार आस्थापनेत टाकले जातात. मग देणगीदार तो जमाखर्च पाहतो आणि म्हणतो, निम्मा पैसा आस्थापनेवरच गेला. ज्या कामाला माणूस हेच एकमेव साधन आहे, त्या कामात माणसाचा पगार हाच उपक्रम आहे. वह्या-पुस्तकांचा खर्च उद्दिष्टांत आणि ती शिकवणाऱ्या बाईंचा पगार आस्थापनेत, अशी विभागणी मी स्वतः काही वर्षे केली आहे, आणि ती चूक होती.

पुढच्या प्रस्तावात प्रत्येक कार्यकर्त्यापुढे चार आकडे लिहा: राज्याने जाहीर केलेल्या किमान दरापेक्षा कमी नसलेले वेतन, भविष्य निर्वाह निधीचा संस्थेचा हिस्सा, उपदानाची तरतूद, जी वेतनाच्या ४.८१ टक्के येते, आणि प्रत्यक्ष किलोमीटरवर आधारित प्रवास. तुम्ही सहाच जण आहात, त्यामुळे निधी आणि उपदान तुमच्यावर सक्तीचे नाही, पण संस्था स्वेच्छेने ते स्वीकारू शकते. सीएसआरमध्ये 'चालू प्रकल्प' सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालू शकतो, तेव्हा वर्षावर्षाचे करार निमूट स्वीकारू नका. बहुवर्षीय मंजुरी मागा आणि तिच्यात वार्षिक वेतनवाढ घाला. एप्रिल ते जूनच्या खिंडारासाठी स्थानिक देणग्यांतून तीन महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी हळूहळू उभा करा. नोंदणीकृत न्यासाला उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागे ठेवण्याची मुभा आयकर कायदा देतो. बहुतेक लहान न्यास ती वापरतच नाहीत.

आणि एवढे करूनही पैसे अपुरे पडले, तर सहा वस्त्यांऐवजी चार वस्त्या घ्या. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण त्या दोन वस्त्यांतली मुले मला दिसतात. पण अपुऱ्या पगारावर आलेला कार्यकर्ता वर्षभरात निघून जातो, नवा येतो, त्यालाही वस्ती ओळखायला सहा महिने लागतात, आणि कागदावर सहा वस्त्या दिसत असल्या तरी ओळखीचे माणूस कोणत्याच वस्तीत राहत नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. दर वर्षी एका संस्थेला दहा हजार रुपये देते. माझे पैसे मुलांसाठी जावेत, पगारासाठी नव्हे, असे मला वाटते. हे चूक आहे का? (ठाणे)

उत्तर: भावना समजते. पण बाई, तुम्ही आयुष्यभर जे काम केले त्याचा पगार हा मुलांवरचाच खर्च होता ना? देणगी देताना "कार्यकर्त्यांच्या वेतनासाठी वापरल्यास हरकत नाही," असे एका ओळीचे पत्र सोबत जोडा. गणवेशासाठी आणि खाऊसाठी देणारे पुष्कळ असतात. असे पत्र जोडणारे देणगीदार माझ्या वीस वर्षांच्या कामात मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले, आणि प्रत्येक वेळी त्या पत्राची झेरॉक्स संस्थेच्या फलकावर लागली. संस्थेला हेही विचारा की कार्यकर्त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का आणि पगार कोणत्या तारखेला होतो. देणगीदाराने विचारलेला प्रश्न कार्यकर्त्याने विचारलेल्या प्रश्नापेक्षा लवकर ऐकला जातो. ते बरोबर नाही, पण तूर्त तसे आहे.

प्रश्न: बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या कामात मी चार वर्षे आहे. वय २७. पगार ९,०००. लग्नाचे पाहायला गेलो की मुलीकडचे विचारतात, "संस्थेत म्हणजे नोकरी काय करता?" आई म्हणते, चाकणला कंपनीत लाग. काम सोडवत नाही, आणि घरही कर्जाशिवाय चालत नाही. काय करू?

उत्तर: आई म्हणते त्यात गैर काही नाही, आणि काम सोडलेत तर तुम्ही मुलांचा विश्वासघात केला असे होत नाही. ती मुले हंगामानंतर गावी परततात. तुमचे कर्ज परतत नाही. स्वतःला एक मुदत घाला. या हंगामाअखेरीस संस्था पगार किती वाढवणार हे लेखी विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसऱ्या संस्थेत, शासनाच्या प्रकल्पात किंवा कंपनीत, जिथे निर्वाह होईल तिथे जा. दरम्यान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा २० रुपयांचा हप्ता बँकेत सुरू करा. रात्री-अपरात्री मोटारसायकलवर फिरणाऱ्याला दोन लाखांचे अपघाती विमाकवच त्यात मिळते. ४३६ रुपयांत जीवनज्योती विमाही घ्या. अटल पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंत प्रवेश आहे, पण लवकर सुरुवात केली तर हप्ता कमी बसतो.

सोडायचे ठरले तर दाखल्याबद्दल सावध राहा. मी एकोणतिसाव्या वर्षी काम सोडले तेव्हा संस्थेने मला सुंदर अक्षरांतले प्रमाणपत्र दिले, खाली अध्यक्षांची सही, वर समईचे चित्र. त्यात लिहिले होते, "यांनी आमच्या कार्यात सहा वर्षे निःस्वार्थ योगदान दिले." मला ते वाचून भरून आले होते. पुढे एका शासकीय प्रकल्पात मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे विचारले, "यात नोकरी कुठे आहे?" सहा वर्षांचा अनुभव शून्य धरला गेला आणि मला नवशिक्या उमेदवाराच्या वेतनावर रुजू व्हावे लागले. तेव्हा दाखल्यावर पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि शेवटचे मासिक वेतन आकड्यांत व अक्षरांत लिहून घ्या. तिथे 'मानधन' लिहिले असेल तर परत द्या आणि 'वेतन' लिहायला सांगा.